ईस्टर झाल्यावरचा सोमवार : तुमचे अनुभव लिहा

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ लागला की मोहाबद्दल भरपूर बोललं जातं. उपवास कसा पाळायचा, दारू कशी टाळायची, कुणाशी अबोला असेल तर कसा सोडायचा. त्या चाळीस दिवसांत सगळे सावध असतात. ईस्टरनंतरच्या आठवड्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, आणि माझ्या पाहण्यात खरी पडझड होते ती तेव्हाच. राखेच्या बुधवारी, म्हणजे या काळाच्या पहिल्याच दिवशी, बंद केलेली बाटली ईस्टरच्या दुपारी पानं मांडायच्या आधी टेबलावर येते, तीही "आता चालतंय" म्हणत.

शास्त्रातही हा क्रम जागोजागी आहे. येशूचा यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला, आकाशातून वाणी झाली, आणि मार्क सांगतो की लगेच आत्म्याने त्याला अरण्यात नेलं. यरीहोचा कोट पडला आणि पुढच्याच आय नावाच्या किरकोळ गावापाशी इस्राएलाने मार खाल्ला. गिदोनाने 300 माणसं घेऊन मिद्यानी पळवून लावले, मग लुटीच्या सोन्याचं एफोद (याजकाचं वस्त्र) करून सगळ्या लोकांना त्याच्या नादी लावलं. हिज्कीया राजा मरणाच्या दारातून परत आला आणि बाबेलच्या पाहुण्यांना आपलं भांडार दाखवत फिरला. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात पेत्राला आधी "धन्य" म्हटलंय आणि थोड्याच ओळींनंतर "सैताना".

तर लिहा. सवय सुटली, भांडण मिटलं, रिट्रीट (प्रार्थनेचं शिबिर) झाली, जे काही तुम्हाला विजय वाटलं असेल ते, आणि त्यानंतर काय आलं, कोणत्या रूपात आलं. दोनच अटी. कुणाची ओळख पटेल असं लिहू नका, आणि उपदेश नको. कॅथलिक, प्रोटेस्टंट, विश्वासी, सगळ्यांना आमंत्रण. पाळकसाहेबांनाही आहे, पण प्रवचन घरी ठेवून यावं.

डोलकर

मी तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. बोट शेठची, हिशोब माझ्या हातात. फेरी संपली की डिझेल, बर्फ, रेशन वजा करायचं आणि उरलेल्याचे वाटे पाडायचे, बोटीचा वेगळा, खलाशांचे वेगळे. त्या वहीत मी वर्षानुवर्षं बर्फाच्या दोन-चार लाद्या जास्त लावत आलो होतो. पकडणार कोण? बर्फ वितळून गेलेला.

रिट्रीटला पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, परत करता येईल तेवढं कर. खलाशांच्या हातावर पैसे ठेवले, "मागचा हिशोब चुकला होता" एवढंच बोललो. बरं वाटलं, झोप लागायला लागली.

1 जून ते 31 जुलै इंजिनाच्या बोटींना बंदी असते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्टात बाहेर पडलो आणि त्या फेऱ्यांना पापलेट असं लागलं की खण कमी पडले. तंगीत मोह आला असता तर मी त्याला लांबूनच ओळखला असता. तो आला भरल्या बोटीत. म्हणाला, तू आता प्रामाणिक माणूस झालास, तुझ्यावर शंका कोण घेणार? पाठोपाठ दुसरं, खलाशांना एवढं परत दिलंस ते नुकसान तुझंच झालं ना, थोडं भरून घे.

वही उघडली. पानांना खवले चिकटलेले, बोटं तेलकट, पेन उमटेना. "बर्फ" लिहिलं आणि आकड्यापाशी हात थांबला. तिथेच बसलेल्या उत्तरेकडच्या पोराला हाक मारली, म्हटलं, तू चढवल्यास ना लाद्या, तूच आकडा घाल. त्याला मराठी लिहिता येत नाही, आकडे येतात. तेव्हापासून बर्फाचा आकडा तोच घालतो, मी खाली सही करतो. मला कुणी "तुझ्यात बदल झाला" म्हणालं तर मी त्या पोराकडे बोट दाखवतो.

विरार_फास्ट

छोटा अनुभव आहे. तरुणांच्या शिबिरातून आले तेव्हा मी हवेत होते. स्तुतिगीतं, हात वर, डोळ्यांत पाणी. घरी आले तर मम्मी नेहमीसारखी रोझरी म्हणत होती, मध्येच कुकरची शिट्टी मोजत, मध्येच मला "दूध बंद कर" सांगत. मला ते इतकं कोरडं वाटलं की मी तिला बोलून दाखवलं. तिने माळ खाली ठेवली नाही. "बंद केलंस का दूध?" विचारलं.

शिबिरात आम्हाला मोबाईल, सिनेमा, मुलं, सगळ्याबद्दल सावध केलं होतं. आईकडे वरून बघायचा मोह होऊ शकतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

रायवळ

मी देवगडकडची. आमचा वाद कलमांच्या वाटणीचा आणि त्यातून जाणाऱ्या पायवाटेचा. मोठ्या जाऊबाईंशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्या विहिरीवर आल्या की मी कळशी तशीच घेऊन घरी. एका नाताळात मात्र नेवऱ्यांचं ताट घेऊन त्यांच्या दारात गेले. कशी गेले ते मलाही सांगता येणार नाही, पाय उचलले गेले. त्या रडल्या, मीही रडले. घरात बसवून कॉफी दिली.

आता पुढचं. महिला मंडळात ही साक्ष सांगितली, बायकांना आवडली. मग शेजारच्या वाडीत बोलावलं, तिथे सांगितली. मग कुणाच्या घरी प्रार्थनेला. दर वेळी गोष्टीतल्या जाऊबाई जरा जास्त कजाग होत गेल्या आणि मी जरा जास्त गरीब. एका घरी तर सांगता सांगता त्यांनी मला शिवी दिल्याचंही मी बोलून गेले. त्यांनी कधीच शिवी दिली नव्हती. ऐकणाऱ्या बाई "अगो बाय" म्हणाल्या आणि मला गोड वाटलं.

मे महिन्यात त्यांच्याकडून आंब्याची पेटी आली, ती घेऊन त्या स्वतः आल्या. पेटी ओट्यावर ठेवली, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "माका माफ केलंस ता सगळ्या गावाक कळला. माकाच तेवढा कळूक नाय."

त्या दिवसापासून ती साक्ष बंद. अजूनही कुणी आग्रह करतं. मी म्हणते, त्यांना बोलवा, त्या सांगतील.

खाडीपलीकडे

रायवळताई, जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. धाग्यात त्यांनीही लिहिलं तर फार बरं होईल.

निवृत्त_मास्तर

साक्षीवरून आठवलं. आमच्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना नागासाकीला क्रूसावर मारलं ते 5 फेब्रुवारी 1597 रोजी. चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केलं 1862 मध्ये. चर्चने अडीचशे वर्षांहून जास्त वाट पाहिली. आपण रविवारी शिबिरातून परततो आणि सोमवारी माइक हातात घेतो. असो, मास्तरकीची खोड.

माझा अनुभव निराळा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पन्नाशीत मी जन्मभराचं पापनिवेदन केलं. तास-दीड तास लागला. बाहेर आलो तेव्हा आवारातल्या नारळाच्या झापांचा आवाजसुद्धा नवा वाटत होता. तो आनंद आठवडाभर टिकला. मग एका पहाटे मनात आलं की अमुक एक गोष्ट मी नीट सांगितलीच नाही. परत गेलो. पुन्हा वाटलं, सांगितली पण हेतू सांगितला नाही. पुन्हा गेलो. जुनं पाप करावंसं कधी वाटलं नाही, पण क्षमा झालीच नसेल हा विचार पिच्छा सोडेना. मिस्सेत कॉम्युनिअन घ्यायला उठायचो आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरायचो. बायको रांगेत पुढे आणि मी मागच्या बाकावर.

माझं पापनिवेदन ऐकणारे फादर जेझुइट. त्यांनी मला त्यांच्या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची हकिगत सांगितली. 1522 च्या मार्चमध्ये त्याने माँटसेराटच्या मठात जन्माची पापं सांगितली, मारियेच्या वेदीपाशी तलवार ठेवली आणि रात्र जागून काढली. एवढा मोठा विजय. तिथून तो मान्रेसा गावी गेला, आणि सगळं पुरतं सांगितलं गेलं का या शंकेने त्याला असं घेरलं की जीव द्यावासा वाटू लागला. उपास केले, तासन्‌तास प्रार्थना केली, उपयोग नाही. शेवटी त्याने ठरवलं की मागची पापं पुन्हा सांगायची नाहीत. ती शंका देवाकडून येत नाही हे त्याला तेव्हा कळलं.

मलाही तोच हुकूम झाला : मागचं काही आणायचं नाही, आणलंस तर मी ऐकणार नाही. पहिले काही महिने फार जड गेलं. इग्नेशियसचे दोन नियम मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलेत. मन भरून आलेलं असताना पुढच्या कोरड्या दिवसांची तयारी करावी, आणि कोरड्या दिवसांत आधी केलेला निश्चय बदलू नये. दुसरा जास्त कामाला येतो.

फक्त_आजचा_दिवस

मी अल्कोहोलिक आहे, सिंधुदुर्गात राहतो. ए.ए.मध्ये (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) वर्ष पूर्ण झालं तेव्हा मीटिंगला माझा वाढदिवस झाला. आमच्यात दारू सोडल्याचा वाढदिवस करतात. मेडल मिळालं, केक कापला, मुलगी आली होती, तिने फोटो काढले. बायको मुलीला घेऊन तिथूनच माहेरी गेली. मी एकटा एसटी स्टँडवर.

तिथे डोक्यात विचार आला की वर्षभर राहिलो म्हणजे आता लगाम माझ्या हातात आहे. लगाम हातात असलेला माणूस एक बिअर घेऊन थांबू शकतो. हा विचार दारुड्याचा वाटतच नव्हता, त्यात सगळा शहाणपणा होता. पिण्याच्या काळात मला इतका सुसंगत विचार कधी सुचला नव्हता.

स्पॉन्सरला, म्हणजे ए.ए.मधल्या माझ्या जुन्या सोबत्याला, फोन लावला. त्याने देवाधर्माचं काही काढलं नाही. विचारलं, "जेवलास?" केकवर होतो. म्हणाला, "समोर कुठलं हॉटेल असेल त्यात जा, भात-आमटी खा, मग मला फोन कर." आमच्यात चार गोष्टी तपासायला शिकवतात : भूक, राग, एकटेपण, थकवा. माझ्या त्या संध्याकाळी चारपैकी तीन हजर होत्या. जेवलो. तोवर बस लागली.

पुढच्या वाढदिवसाला बायकोला सांगून ठेवलं की त्या रात्री मला एकट्याला सोडायचं नाही. कुणी कौतुक केलं की मला आजही स्टँड आठवतो.

कोर्लईचा

वरच्या भात-आमटीवरून लिहितो. आमच्या गावचं चर्च कार्मेल मातेचं. 16 जुलैचा सण, भर पावसात. त्यामुळे कार्मेल डोंगरावरच्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. आकाशातून अग्नी पडला, बआलाचे संदेष्टे हरले, इथे बहुतेकांची गोष्ट संपते. आम्हा दर्याकाठच्यांना पुढचं जास्त लक्षात राहतं. चाकर पुन्हापुन्हा समुद्राकडे बघून येतो आणि सातव्या खेपेला सांगतो, माणसाच्या तळहाताएवढा ढग वर येतोय. एवढ्याशा ढगावरून पाऊस ओळखायचा, हे आमच्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही.

त्या पावसात एलीया अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावला. सरळ मोजलं तरी 25-30 किलोमीटर. तिथे ईजबेल राणीची धमकी आली आणि तोच माणूस बैर-शेब्यापर्यंत पळाला, मग आणखी एक दिवस रानात जाऊन रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत आला, त्याने खरडपट्टी काढली नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं. खाल्लं, झोपला. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं.

मी सणाच्या कमिटीत आहे. नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना), मंडप, बँड, पावसाची ताडपत्री, वर्गणी, पाहुण्या फादरांची गाडी. सण उत्तम पार पडतो, लोक पाठ थोपटतात, आणि दुसऱ्या दिवशी मला वाटतं की हे सगळं फुकट आहे, गावाला देवाचं काही पडलेलं नाही, सगळ्यांना जेवण आणि बँड हवा. मग मी ग्रुपवर लांबलचक राजीनामा टाकतो. दर वर्षी. आता बायकोने घरात नियम केलाय, सणानंतर आठ दिवस राजीनामा द्यायचा नाही. आठ दिवसांनी मला तो द्यावासाच वाटत नाही. ती मला भाकर देते की नाही विचारू नका, पण फोन काढून घेते.

चुलीपाशी

मी रत्नागिरीची. विजय नवऱ्याचा, परीक्षा माझी. चालेल ना?

तो मटका खेळायचा. संजीवन सभेत उभा राहिला, प्रभूला जीवन दिलं, त्या दिवसापासून मटका बंद. हे खरं आहे आणि त्यासाठी मी देवाचे उपकार मानते. पण महिन्याभरात घरात टीव्ही बंद, माझ्या माहेरच्यांचा गणपतीचा प्रसाद बंद, मुलीने केस मोकळे सोडायचे नाहीत, आणि जेवताना कुणी हसलं तर बायबलचं वचन. मटक्यावाला नवरा निदान माझ्यापुढे मान खाली घालून यायचा. एक दिवस तोंडून गेलंच, "त्यापेक्षा तुमचा मटका परवडला." तो दोन दिवस बोलला नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या करजगावी 1861 मध्ये जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव मंडळीत कौतुकाने घेतात. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या पाच वर्षांत त्या बाईचं काय झालं, ते तिच्याच 'स्मृतिचित्रे'त वाचावं. मी ते पुस्तक नवऱ्याच्या उशाशी ठेवलं. त्याने वाचलं की नाही ठाऊक नाही. गौरीला माहेरी जाताना मात्र या वर्षी तो स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आला.

रविवार_संध्याकाळ

मी पाळक आहे. प्रवचन घरी ठेवलंय.

आमच्या कामात विजयाचा वार ठरलेला असतो, रविवार. त्यामुळे पडण्याचा वारही ठरलेला. सकाळची उपासना, मग कुणाच्या घरी आजाऱ्यासाठी प्रार्थना, दुपारी बैठक, संध्याकाळी पुन्हा सभा. लोक रडतात, हात धरतात, "तुमच्या बोलण्यातून देव बोलला" म्हणतात. रात्री अकराला घरी येतो तेव्हा घरचे झोपलेले, अंग ठणकतंय आणि मन अजून व्यासपीठावर. हातात मोबाईल. काय बघायचा मोह होतो ते लिहायची गरज नाही, इथल्या पुरुषांना समजलं. लाज अशी वाटते की ज्या तोंडाने दुपारी दुसऱ्याला धीर दिला त्या तोंडाने प्रार्थना करवत नाही.

दावीद आणि बथशेबाची गोष्ट मी अनेकदा सांगितली होती, पण तिच्या आधीचा अध्याय लक्ष देऊन वाचला नव्हता. त्यात अम्मोनी आणि अरामी दोघांचा पराभव आहे. पुढे राजे लढाईला निघायच्या दिवसांत हा घरी राहिला, संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरू लागला. एकटा होता, हाताला काम नव्हतं आणि नुकताच जिंकला होता.

आता रविवारी घरात शिरताच मोबाईल बायकोच्या हातात जातो, ती तो फडताळात मसाल्याच्या डब्यामागे ठेवते. तिला कारण सांगितलंय, सोपं नव्हतं. माझ्या वयाच्या एका पाळकमित्राला सोमवारी सकाळी फोन असतो, तो एकच प्रश्न विचारतो आणि मी त्याला. सोमवारी मंडळीचं काम घेत नाही. काही जणांना ते आवडत नाही. "पाळकांना कसली सुट्टी" असं ऐकू येतं. येऊ दे.

वेंगुर्ल्याची_मावशी

मला विजयबिजय काही आठवत नाही हो. सासू अंथरुणाला खिळून होती, तिचं केलं. चिडचिड झाली, पुन्हा केलं. ती गेल्यावर सगळे म्हणाले, किती सेवा केलीस, स्वर्गात जागा आहे तुझी. मला तेव्हा नणंदेला फोन करून "तू कुठे होतीस" असं विचारायची फार हुक्की आली होती. पिठी-भात करून खाल्ला आणि झोपले.

बांद्याचा

मी चोविशीत आहे. गेल्या आठवड्यात रिट्रीट करून आलो. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून पापनिवेदन केलं. दारू आणि अजून एक गोष्ट सोडायचं ठरवलंय. हे सगळं वाचून घाबरलो, खरं सांगतो. या शनिवारी मित्रांचा गोव्याला जायचा बेत आधीच ठरलेला आहे, पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. नाही म्हटलं तर "संत झाला" म्हणून चिडवतील. गेलो तर मी पिणार नाही याची मला खात्री आहे. म्हणूनच भीती वाटते.

फक्त_आजचा_दिवस

बांद्याच्या भावा, शेवटची दोन वाक्यं मी स्टँडवर उभा असताना मला सुचली असती तर बरं झालं असतं. शनिवारी संध्याकाळी आमची उघडी मीटिंग आहे, कुणीही येऊन बसू शकतं, अल्कोहोलिक असायची अट नाही. मित्रांना सांग की आधीच कुणाला तरी शब्द दिलाय. खोटं होणार नाही, आता मला दे. निरोपात नंबर पाठवतो.

वेंगुर्ल्याची_मावशी

आणि जेवून जा रे झिला.

बांद्याचा

किती वाजता?

फक्त_आजचा_दिवस

सहाला. पाचला बांद्याच्या स्टँडवर येतो, माझ्या स्कूटरवरून जाऊ.